रविवारचे दोन तास

(संघटनेच्या वार्षिक अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – सं.)



गेल्या वर्षी ह्याच शिबिरात कामाचा अहवाल वाचताना एक ओळ माझ्या वाट्याला आली होती. 'रविवारी दुपारी परिचारिकांचा इंग्रजीचा अभ्यासगट चालतो.' त्यावर मागच्या रांगेतून आपल्या एका ज्येष्ठ कार्यकर्तीनं विचारलं, "म्हणजे आता बायकांना विलायतेला पाठवणं हेही आपलं काम का?" सगळ्या हसल्या. मीही हसले आणि पुढची ओळ वाचायला घेतली. खरं सांगायचं तर मला उत्तर सुचलं नव्हतं. ह्या वर्षी संयोजक म्हणाल्या, त्यावरच बोल. उत्तर अजूनही पुरतं सुचलंय असं नाही. पण अडीच वर्षांत जे पाहिलं ते सांगते.

सुरुवात २०२३ च्या पावसाळ्यात झाली. मिरजेच्या आपल्या सल्ला केंद्रात एक जण आली. तिशीतली, जीएनएम झालेली, एका खाजगी हॉस्पिटलात आयसीयूला स्टाफ नर्स. केस नोंदवायचा आपला फॉर्म तुम्हाला माहीतच आहे. तक्रारीचं स्वरूप – मारहाण, हुंडा, पोटगी, संशय, दारू, इतर. मी पेन उघडून बसले. ती म्हणाली, "मारत वगैरे काही नाहीत ओ ताई. मला इंग्रजीची परीक्षा द्यायचीय. घरात कुणाला न सांगता."

मी 'इतर'वर खूण केली.

हळूहळू सगळं बाहेर आलं. तिनं एका एजंटाला चाळीस हजार दिले होते. परीक्षेला न बसता सर्टिफिकेट आणून देतो म्हणाला होता. आता फोन उचलत नव्हता. दहावीपासून जीएनएमपर्यंतची मूळ सर्टिफिकेटं नोकरीला लागताना हॉस्पिटलनं ठेवून घेतली होती, ती कपाटात होती. मी लगेच आपल्या वकील मैत्रिणीचं नाव काढलं. ती म्हणाली, "ते बघू नंतर. तुमचं ऑफिस रविवारी रिकामं असतं ना? मी दुपारी दोन तास येऊन बसू का वाचत?"

सात वर्षं मी केसवर्क करते आहे. एम.एस.डब्ल्यू.ला शिकवलं होतं की येणारी बाई जे मागते त्याच्या मागे तिची खरी गरज दडलेली असते, ती शोधायची. इथं दडलेलं काहीच नव्हतं. तिला दोन तास हवे होते आणि दार लावता येईल अशी खोली हवी होती.

पुढच्या रविवारी ती दुसरीला घेऊन आली. दिवाळीपर्यंत सात जणी झाल्या.

आता ही परीक्षा काय असते ते थोडक्यात सांगते, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणींना वाटतं की हे शाळेतल्या व्याकरणासारखं काही असेल. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून काम करायचं तर तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलकडे नाव नोंदवावं लागतं आणि त्यासाठी इंग्रजीचा पुरावा लागतो. परीक्षा दोन. एक आयेल्ट्स, जी सगळ्याच क्षेत्रांतले लोक देतात. दुसरी ओईटी, जी फक्त आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी आहे. दोन्हींत चार भाग : ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. आयेल्ट्स दिली तर नऊपैकी वाचन, श्रवण आणि संभाषणात सात आणि लेखनात साडेसहा लागतात. ओईटीत पाचशेपैकी त्या तिन्हींत ३५० आणि लेखनात ३००. निकाल दोन वर्षं चालतो. इंग्रजीनंतर विषयज्ञानाची संगणकावरची परीक्षा, आणि तिथं पोचल्यावर प्रात्यक्षिक. आयेल्ट्सची फी २०२५ मध्ये सतरा-अठरा हजारांच्या घरात होती. आमच्या गटातल्या बहुतेकींचा महिन्याचा पगार तेरा ते सोळा हजार. म्हणजे एका प्रयत्नाला सगळा पगार, आणि केंद्र पुण्याला म्हणून गाडीभाडं वेगळं. सकाळी लवकर हजर व्हायचं तर आदल्या रात्री राहायचं कुठं, हाही प्रश्न. बाईमाणसानं एकटीनं लॉजवर राहायचं म्हटलं की घरातले काय म्हणतात ते तुम्हाला सांगायला नको.

आणि परीक्षेशिवाय सर्टिफिकेट म्हणाल, तर ती शुद्ध फसवणूक आहे. निकाल खरा की खोटा हे कौन्सिल परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडूनच पडताळून घेते. गावागावांत हे सांगा. ब्रिटनमधल्या एका वेगळ्या इंग्रजी परीक्षेतली तोतयेगिरी २०१४ साली उघडकीला आली, तेव्हा परीक्षा घेणाऱ्या संस्थेनं चौतीस हजारांच्या आसपास निकाल अवैध ठरवले. त्यात गुन्हेगार होते तसे निर्दोष विद्यार्थीही भरडले गेले आणि वर्षानुवर्षं कोर्टात झगडत राहिले. आणखी एक गोष्ट. ब्रिटनमधल्या नोकरीसाठी परिचारिकेकडून नोकरी लावण्याचे पैसे घ्यायला तिथल्या नियमांत मनाई आहे. आपल्याकडच्या नोंदणीकृत एजंटालाही तीस हजार आणि त्यावरचा कर ह्याहून जास्त घेता येत नाही. हे आमच्या सातांपैकी एकीलाही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

पहिल्या महिन्यात आम्ही इंग्रजी केलंच नाही, वेळ मोजला. प्रत्येकीनं आठवड्याचा तक्ता भरायचा आणि त्यात स्वतःच्या अभ्यासाला तासभर तरी कुठं मिळतो ते दाखवायचं. तुम्ही आपल्या शिबिरांत हा खेळ खेळला आहात. पण आठ तासांची ड्यूटी, जायला-यायला दीड तास, दोन्ही वेळचा स्वयंपाक, पाणी येईल तेव्हा धुणं, आणि महिन्यातून आठ-दहा रात्रपाळ्या असा तक्ता पुढ्यात आला की विनोद सुचत नाही. एकीच्या तक्त्यात मोकळी जागा निघाली ती पहाटे दोन ते चार, रात्रपाळीत, वॉर्ड शांत असेल तर. तिनं तिथंच अभ्यास केला.

ऐकण्याच्या भागात ध्वनिफीत एकदाच वाजते. चुकलं की गेलं. म्हणून कान तयार करायला रोज ऐकावं लागतं. एक जण पदराआड कानात इअरफोन घालून भाकऱ्या थापायची. सासूबाईंना वाटलं, सून कुणाशी तरी बोलतेय. त्यांनी मुलाला सांगितलं. त्यानं मोबाईल हिसकावून कानाला लावला तर पलीकडे एक पुरुष इंग्रजीत बोलत होता. घरात दोन दिवस चूल थंड. मग मी आणि आणखी एक कार्यकर्ती जाऊन त्यांच्यासमोर तीच फीत मोठ्यानं वाजवली. पलीकडचा पुरुष गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल डॉक्टरशी बोलत होता. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांनी विचारलं, "काय म्हणतोय त्यो?" सुनेनं सगळं मराठीत सांगितलं. त्या घरात तेव्हापासून फीत मोठ्यानं वाजते.

सगळीकडे असं गोड झालं असं मात्र समजू नका. दोघी मध्येच थांबल्या. एकीला थांबवलं गेलं.

नावाची भानगड तर आपल्या महाराष्ट्राची खास. दहावीच्या सर्टिफिकेटवर माहेरचं नाव. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवरही तेच. मग लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं नवीन नाव लिहिलं, आडनावाबरोबर पहिलं नावही बदललं. आधारवर सासरचं नाव आणि पुढे पासपोर्टवरही तेच. परीक्षेचा निकाल पासपोर्टवरच्या नावानं येतो. म्हणजे शिकलेली बाई एक आणि पास झालेली बाई दुसरी! गटातल्या चौघींची ही अवस्था होती. मग राजपत्रात नावबदलाची नोंद, प्रतिज्ञापत्र, तहसीलच्या फेऱ्या. तांदळातल्या नावाबद्दल आपण किती वर्षं बोलतो आहोत. 'काय फरक पडतो एका नावानं' असं म्हणणाऱ्यांना ती फाईल दाखवावी. एक दिलासा एवढाच, की पासपोर्ट काढताना लग्नाचं सर्टिफिकेट जोडलंच पाहिजे ही अट डिसेंबर २०१६ मध्ये काढून टाकली गेली आहे. आमच्या एका एजंटबाबांना ते माहीत नव्हतं, किंवा माहीत असून ते त्याचे तीन हजार घेत होते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती म्हणजे इंग्रजी.

मला वाटलं होतं, मराठी माध्यमातल्या ह्या मुली, इंग्रजी वाक्यरचनेत अडकतील. तसा अडकण्याचा भाग होताच. पण औषधांची, अवयवांची, यंत्रांची इंग्रजी नावं त्यांना माझ्याहून जास्त येत होती. अडायचं भलतीकडेच.

ओईटीच्या लेखनात पेशंटची टिपणं देतात आणि त्यावरून दुसऱ्या डॉक्टरला किंवा परिचारिकेला पत्र लिहायचं असतं. साधारण १८० ते २०० शब्द. टिपणांत मुद्दाम नको ती माहितीही घातलेली असते. काय घ्यायचं, काय सोडायचं, हे लिहिणारीनं ठरवायचं. आमच्या बायकांनी पहिल्या पत्रांत सगळंच्या सगळं उतरवलं. काही सोडायची हिंमतच होईना. "सोडलं आणि सरांनी विचारलं तर?" सर कुठले? पत्र तर तूच लिहिते आहेस! आणि प्रत्येक पत्रात 'सरांच्या सांगण्यावरून' हे शब्द. पेशंटचा रक्तदाब घसरतोय हे रात्री तीन वाजता जिनं पाहिलं, जिनं डॉक्टरला उठवलं, तिच्या पत्रात 'मी' हा शब्द नव्हता. 'मला असं आढळलं' हे तीन शब्द इंग्रजीत लिहायला शिकवणं अवघड नाही. ते लिहायचा आपल्याला अधिकार आहे हे पटायला दोन महिने गेले.

हसू नका, माझंही तेच झालं होतं. सव्विसाव्या वर्षी परदेशातल्या एका अभ्यासक्रमासाठी मी आयेल्ट्स दिली होती. लेखनात साडेपाच आले, हवे होते साडेसहा. निबंधाला विषय असा असतो की काहींना असं वाटतं, काहींना तसं वाटतं, दोन्ही बाजू मांडा आणि तुमचं मत द्या. नंतर मी सरावाचे माझे जुने निबंध काढून वाचले. दोन्ही बाजू व्यवस्थित मांडलेल्या. माझं मत एकाही निबंधात नव्हतं. मोर्च्यात घसा फोडून घोषणा देणारी मी! घोषणा सगळ्यांच्या असतात, मत एकटीला द्यावं लागतं, हे तेव्हा लक्षात आलं. मी ती परीक्षा पुन्हा दिली नाही. पैसे नव्हते हे खरं, आणि लाज वाटली हेही खरं.

बोलण्याच्या भागात तर आणखी गंमत. ओईटीत दोन प्रसंग असतात, प्रत्येकी पाचेक मिनिटांचे. परीक्षा देणारी परिचारिका होते आणि समोरची व्यक्ती पेशंट किंवा त्याची नातेवाईक. हातात एक कार्ड असतं. पेशंटशी बोलायचं, त्याची भीती काढायची, समजावून सांगायचं. आमचा पहिला प्रसंग होता मधुमेहाच्या म्हाताऱ्या बाईचा. ती इन्सुलिन घ्यायला तयार नाही. इंग्रजी जमेना म्हणून मी म्हटलं, आधी मराठीत करा. एक जण पेशंट झाली, दुसरी सिस्टर.

"मला सुई नको."

"आजी, डॉक्टरांनी सांगितलंय. घ्यावीच लागेल."

"नको म्हटलं ना."

"मग सही करून घरी जा."

संपलं. वीस सेकंदं! उरलेल्या पाच मिनिटांचं काय करायचं कुणालाच कळेना. इंग्रजी अडलंच नव्हतं. मराठीतच बोलणं संपलं होतं. मग पेशंट झालेल्या सिस्टरनं आपणहून सुरू केलं, "माझ्या भावाला इन्सुलिन सुरू केलं आणि सहा महिन्यांत त्याचा पाय कापला. मला भ्या वाटतंय." सगळ्या गप्प झाल्या. म्हाताऱ्या बायका सुई का नाकारतात हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. पण विचारायचं असतं हे ठाऊक नव्हतं.

त्या परीक्षेत २०१८ पासून नुसती भाषा तपासत नाहीत. पेशंटचं म्हणणं समजून घेतलं का, त्याला काय वाटतं ते विचारलं का, बोलताना त्याचा धागा धरला का, ह्यालाही गुण असतात. मी हे वाचून दाखवलं तेव्हा एक जण चिडली. "ताई, रात्री मी एकटी आणि चाळीस पेशंट. कुणाकुणाचा धागा धरू? आणि पेशंटशी बोलायचं काम डॉक्टरांचं. आम्ही मधे बोललो की 'सिस्टर, तुम्ही तुमचं काम करा' म्हणतात." तिचं खरं होतं. आपल्या हॉस्पिटलांत बाईनं पेशंटवर ओरडायचं आणि डॉक्टरकडून ओरडून घ्यायचं अशी रीतच पडून गेली आहे. त्या दिवशी इंग्रजी बाजूलाच राहिलं. आपल्याला शेवटचं कुणी 'तुला काय वाटतं' असं कधी विचारलं होतं, ह्यावर साडेपाच वाजेपर्यंत बोलणं चाललं. एक म्हणाली, "लग्न ठरताना विचारलं होतं. पण होकार गृहीत धरून."

आणखी एक अडचण मला फार आवडली. इंग्रजीत पेशंटला 'मिसेस अमुक' म्हणायचं. गडहिंग्लजकडची आमची एक सिस्टर म्हणाली, "आजी म्हटल्याशिवाय माझ्या तोंडातनं धीराचा शब्दच निघत नाही ओ." तिनं आजीसाठी इंग्रजी शब्द शोधायचा सोडून दिला. मनातल्या मनात 'आजी' म्हणायचं आणि मग तोंडानं 'मिसेस' म्हणायचं असा तिनं मार्ग काढला. तिचे बोलण्याचे गुण गटात सगळ्यांत जास्त आले.

आता एक चिठ्ठी दाखवते. गेल्या मार्चमधली आहे. ह्याच गटातल्या, प्रसूतीच्या वॉर्डात काम करणाऱ्या सिस्टरनं मला पाठवलेली. मराठीत आहे. नाव-गाव सोडून वाचते. 'ताई, बाळंत होऊन चौथा दिवस, दुसरी मुलगी. पेशंट दोन दिवस जेवत नाही, बाळाला घेत नाही. टाके, ताप, रक्तदाब ठीक. तुम्हाला कशाची काळजी वाटते असं मी विचारलं. मुलगी झाल्याचं कळल्यापासून सासरचं कुणी आलेलं नाही आणि घरी घेणार नाही असा निरोप आलाय असं तिनं सांगितलं. पहिल्या मुलीच्या वेळी मारहाण झाली होती. उद्या अकराला सुट्टी मिळणार. माहेरी फक्त आई आहे. मला असं आढळलं की ती घरी जायला घाबरते आहे. त्याआधी तुम्ही भेटावं.'

मी दहाला पोचले. सल्ला केंद्रात इतक्या वर्षांत कुठल्याही हॉस्पिटलातून अशी चिठ्ठी मला आलेली नाही. काय घ्यायचं, काय सोडायचं, सगळं नेमकं. 'मला असं आढळलं' सुद्धा आहे. ही सिस्टर अजून परीक्षेला बसलेली नाही. बसेलच असंही नाही.

मग प्रश्न उरतो तो मागच्या रांगेतला. ह्या चांगल्या परिचारिका आपण इथल्या गरीब पेशंटांना घडवून देतो की ब्रिटनला? मला ह्याचं ओझं वाटतं. ती गडहिंग्लजची सिस्टर आता उत्तर इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलात आहे आणि इथल्या तिच्या वॉर्डातली जागा सहा महिने रिकामी होती. पण राहा असं त्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्रानं नेमलेल्या समितीनं स्पष्ट म्हटलं होतं की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी हॉस्पिटलातही परिचारिकेला महिना वीस हजारांहून कमी पगार नको, आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका हवा. आमच्या गटातली एकही त्या आकड्याला पोचलेली नव्हती. सेवेची हाक फक्त बाईलाच ऐकू यावी अशी व्यवस्था केलेली दिसते.

दुसऱ्या बाजूनं, ही परीक्षा म्हणजे मुक्तीचं दार असंही मी म्हणणार नाही. दार दुसऱ्याचं आहे, कडीही त्याच्याच हातात. ऑस्ट्रेलियात १९०१ पासून १९५८ पर्यंत नको असलेल्या लोकांना गाळण्यासाठी श्रुतलेखनाची परीक्षा होती. अधिकारी त्याला हव्या त्या युरोपीय भाषेत उतारा सांगायचा. १९३४ साली एगॉन किश नावाचा फॅसिझमविरोधी लेखक आला. त्याला बऱ्याच युरोपीय भाषा येत होत्या, म्हणून त्याला स्कॉटलंडमधल्या गेलिक भाषेत उतारा घातला! त्याच ऑस्ट्रेलियात १९८०च्या दशकात ही ओईटी तयार झाली. तीत तसला कावा नाही. पेशंटचं बोलणं परिचारिकेला कळायलाच हवं. पण रेघ कुठं ओढायची हे कोण ठरवतं ते पाहा. युरोपातून येणाऱ्या परिचारिका घटल्या तेव्हा, नोव्हेंबर २०१७ पासून, ब्रिटननं ओईटी चालवून घेतली. डिसेंबर २०१८ मध्ये लेखनाची अट सातावरून साडेसहावर आणली. २०२३ मध्ये दोन प्रयत्नांचे गुण एकत्र धरण्याची मुदत सहा महिन्यांवरून बारा केली. गरज पडली की रेघ खाली येते, आणि गरज सरली की दार बंद होतं. वृद्धांची देखभाल करणाऱ्यांसाठी तिथं २०२२ मध्ये व्हिसा खुला झाला, मार्च २०२४ पासून त्यांना कुटुंब नेणं बंद झालं, आणि जुलै २०२५ मध्ये परदेशातून नवी भरतीच थांबवली. आमच्या भागात त्या व्हिसासाठी जमीन गहाण टाकलेली घरं आहेत.

पंजाबात तर ह्या परीक्षेनं लग्नाचा बाजार बदलला. आयेल्ट्समध्ये चांगले गुण असलेली मुलगी हवी, शिक्षणाचा खर्च मुलाकडचे करतील, अशा जाहिराती वर्तमानपत्रांत येऊ लागल्या. मुलीच्या गुणांवर नवरा कॅनडाला जाणार. हुंडा उलटा फिरला, पण मुलगी बाजारातच राहिली. २०२४ मध्ये कॅनडानं विद्यार्थ्यांच्या जोडीदारांच्या परवान्यांवर मर्यादा आणली आणि भाव पडला. हे आपल्यापासून लांब आहे असं मला वाटायचं. मग आमच्याच गटातली एक जण एका रविवारी खुशीत आली. "मिस्टर तयार झाले! फी पण भरली." आधी सहा महिने नाही म्हणणारा नवरा, परिचारिकेला कुटुंब नेता येतं हे कळताच तयार झाला होता. ती खूश होती. मला आनंद व्हावा की नाही तेच कळेना. मी एवढंच म्हटलं, "पासपोर्ट आणि बँकेचं पुस्तक तुझ्याजवळ ठेव." तिनं ठेवलंय.

पहिल्या दिवशी आलेल्या त्या सिस्टरचं काय झालं ते तुम्ही विचारणारच. वकील मैत्रिणीच्या तिसऱ्या पत्रानंतर हॉस्पिटलनं सर्टिफिकेटं दिली. एजंटाचे चाळीस हजार गेले ते गेलेच. पहिल्या प्रयत्नात तिला ऐकण्यात ३६० आणि वाचनात ३३०. पुन्हा फी जमवायला दहा महिने लागले. दुसऱ्या प्रयत्नात वाचनात ३६० आणि ऐकण्यात ३४०! फोनवर ती रडत होती. मी पण. मग रात्री तिनंच कौन्सिलचे नियम पुन्हा वाचले. बारा महिन्यांच्या आतले दोन निकाल एकत्र धरतात. जुना सहा महिन्यांचा नियम असता तर ती नापास होती. आता पुढची परीक्षा बाकी आहे. घरात तिनं आधी सासूबाईंना सांगितलं, मग नवऱ्याला. तो आठवडाभर बोलला नाही. जायचं की नाही हे तिनं अजून ठरवलेलं नाही. मुलगी आठवीत आहे. मी विचारत नाही.

अडीच वर्षांत अकरा जणी आल्या, तिघी पास झाल्या, एक गेली. एकीची आई अंथरुणाला खिळली म्हणून ती पास होऊनही गेली नाही. सल्ला केंद्राच्या फॉर्मवर आम्ही आता 'शिक्षण व परीक्षा' अशी एक ओळ वाढवली आहे.

जाता जाता एक मागणं. प्रसंगांच्या सरावाला आम्हाला पेशंट कमी पडतात. सगळ्या सिस्टरच असल्यानं त्या फार लवकर ऐकतात. गेल्या वर्षी प्रश्न विचारणाऱ्या आपल्या त्या ज्येष्ठ मैत्रीण दोन रविवार येऊन गेल्या. त्यांनी सुई घ्यायला अर्धा तास नकार दिला, सिस्टरला घाम फोडला. अशा हट्टी बायका हव्या आहेत. दुपारी तीन ते पाच, मिरजेचं ऑफिस, जिना चढून डावीकडे. इंग्रजी यायची अट नाही, पहिला तास मराठीतच असतो. मुलं बरोबर आणली तरी चालतील. आणि कुणाकडे चालू स्थितीतले जास्तीचे इअरफोन असतील तर घेऊन या.